पायथनच्या बातम्यांमागे किती धावायचं?

नाशिकच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: "दोन वर्षं एका छोट्या कंपनीत पायथनवर काम करतोय. बहुतेक सीएसव्हीच्या फायली वाचायच्या आणि रिपोर्ट काढायचे. मोबाईल उघडला की रोज काहीतरी नवीन. जीआयएल गेला, पिप मेलं, यूव्ही घ्या, पायथन ४ येतंय. आपण मागे पडतोय असं वाटायला लागलंय. रोज नेमकं काय वाचायचं? इंग्रजी बेताचं आहे, मराठीत काही आहे का?"

आधी उत्तर सांगते, मग कारणं. रोज काहीच वाचू नका. आठवड्यातून अर्धा तास पुरे, आणि वर्षातून एकदा, ऑक्टोबरात, रविवारची एक अख्खी दुपार. बाकी मोबाईलवर जे येतं ते बघायला हरकत नाही, पण क्रिकेटच्या चर्चेसारखं बघा. त्यावरून घरचं काही ठरवायचं नसतं.

मी २००७ पासून पायथनवर पोट भरते, म्हणजे २.५ आवृत्तीपासून. सुरुवातीची काही वर्षं माझीही अशीच धांदल असायची. कुणी नव्या लायब्ररीचं नाव घेतलं आणि ते आपल्याला माहीत नसलं की पोटात गोळा यायचा. मग हळूहळू ध्यानात आलं, की या भाषेतल्या ज्या बातमीने आपलं काम खरोखर अडतं ती जवळपास कधीच ताजी नसते. दोन-चार वर्षं आधीच ती लिहून ठेवलेली असते, आपण बघितलेली नसते इतकंच. दिवाळी कधी आहे हे कळायला कुणी रोज पेपर चाळत नाही, कालनिर्णय भिंतीवर लटकत असतं. पायथनचंही एक असंच कॅलेंडर आहे.

२०१९ मध्ये पेप ६०२ हा प्रस्ताव मंजूर झाला आणि दरवर्षी ऑक्टोबरात एक मोठी आवृत्ती असं ठरून गेलं. ३.९ आली ऑक्टोबर २०२० मध्ये, तेव्हापासून हा नेम चुकलेला नाही. ३.१४ आली ७ ऑक्टोबर २०२५ ला. मे महिन्यात बीटा, म्हणजे चाचणीसाठीची कच्ची आवृत्ती, निघतो, आणि एकदा बीटा निघाला की नवीन काही आत घ्यायचं दार बंद. पुढे फक्त चुका दुरुस्त होतात. म्हणजे ऑक्टोबरात ताटात काय पडणार हे मेच्या अखेरीस कुणालाही वाचता येतं. प्रत्येक आवृत्ती पाच वर्षं सांभाळली जाते. पहिली काही वर्षं सगळ्या चुकांची दुरुस्ती होते, नंतर फक्त सुरक्षेची. हा पहिला टप्पा आधी दीड वर्षाचा होता, ३.१३ पासून दोन वर्षांचा केला. ३.९ ची मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली, ३.१० ची ऑक्टोबर २०२६ मध्ये संपते. पायथन डेव्हलपर्स गाइडमध्ये आवृत्त्यांच्या स्थितीचं एक पान आहे, रंगीत पट्ट्यांचा तक्ता असलेलं. त्याची प्रिंट काढून टेबलाशेजारी चिकटवा. माझ्या प्रिंटवर चहाचा डाग पडलाय, पण तारखा दिसतात.

आकड्यांवरून आठवलं. ३.१० म्हणजे तीन पूर्णांक एक नव्हे, तीन-दहा. हे सांगायला हसू येतं, पण वायएएमएलच्या, म्हणजे सेटिंग लिहायच्या, फाईलमध्ये अवतरणचिन्हांशिवाय ३.१० लिहिलं की ती संख्या धरली जाते, शेवटचं शून्य गळून पडतं आणि यंत्रणा ३.१ शोधायला निघते. आवृत्त्यांची तुलना अक्षरांसारखी केली तर ३.१० हे ३.९ च्या आधी लागतं. यात भलेभले अडकले. आवृत्तीचा आकडा नेहमी अवतरणात.

आता माझी फजिती. २०२३ चा नोव्हेंबर, शुक्रवारची संध्याकाळ. तेव्हा ज्या कंपनीत होते तिचं नाव नको. आमचा एक छोटासा जॉब होता, रात्री चालायचा, डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या सगळ्यासकट एका डब्यात भरून. डॉकरफाईलच्या पहिल्या ओळीत आम्ही नुसतं 'पायथन, तीन' एवढंच लिहिलेलं होतं. याचा अर्थ तीन मालिकेतली जी सगळ्यात ताजी असेल ती. ऑक्टोबरात ३.१२ आलं, नोव्हेंबरात कुणीतरी त्या डब्याची इमेज नव्याने बांधली आणि जॉब पहिल्याच ओळीला आपटला: डिस्टयुटिल्स नावाचं मॉड्यूल सापडत नाही. आम्ही त्या मॉड्यूलमधलं एक फंक्शन वापरत होतो, स्ट्रटूबूल. सेटिंगमध्ये कुणी 'येस' लिहिलं, कुणी 'ट्रू', कुणी 'ऑन', तरी ते सगळ्याचा एकच अर्थ लावायचं. पाच ओळींचं काम. त्या पाच ओळी स्वतः लिहायचा कंटाळा केला म्हणून शुक्रवारची रात्र गेली.

घरी जाताना मला राग आला होता पायथनवाल्यांचा. न सांगता मॉड्यूल काढून टाकतात म्हणजे काय! शनिवारी शांतपणे बघितलं. ते काढून टाकण्याचा प्रस्ताव, पेप ६३२, सप्टेंबर २०२० मध्ये लिहिला गेला होता. ऑक्टोबर २०२१ च्या ३.१० पासून ते मॉड्यूल वापरलं की इशारा यायचा. दोन वर्षं तो इशारा आमच्या टेस्ट चालवताना येत असणार. मग दिसला का नाही? कारण टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्टच्या सेटिंगमध्ये एक ओळ होती, सगळे इशारे गप्प करणारी. ती कुणी घातली हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटला विचारलं. माझंच नाव निघालं. आउटपुट फार लांब येतं म्हणून घातली होती.

तेव्हा तुमच्यासाठी पायथनची सगळ्यात महत्त्वाची बातमी कुठल्या संकेतस्थळावर येत नाही, तुमच्याच टर्मिनलमध्ये येते. तिचं नाव डेप्रिकेशन वॉर्निंग. गंमत अशी, की नुसता प्रोग्रॅम चालवला तर ती बहुतेक वेळा दिसतच नाही. मुख्य फाईलमधल्या कोडमुळे उठली तरच दिसते, आत आयात केलेल्या मॉड्यूलमधून उठलेली पायथन स्वतःच गिळून टाकतं. सामान्य वापरणाऱ्याला त्रास नको म्हणून हे असं केलंय. दाखवायला लावायचं असेल तर कमांडमध्ये डॅश, मोठा डब्ल्यू आणि पुढे 'डिफॉल्ट' असं लिहा, किंवा डॅश, मोठा एक्स आणि 'डेव्ह'. महिन्यातून एकदा तुमचे रिपोर्ट असे चालवा आणि जे इशारे दिसतील ते वहीत उतरवून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे. तुमच्या कोडपुरती याहून चांगली बातमीपत्रिका कुणी छापत नाही.

वरच्या मजकुरात पेप हा शब्द दोनदा येऊन गेला. भाषेत बदल सुचवायचा तर तो ठरावीक साच्यात लिहून मांडावा लागतो, तो कागद म्हणजे पेप. २००० सालापासून ही पद्धत आहे. मोबाईलवरचं मथळ्याचं पीक येतं ते बहुतेक या कागदांमधून, पण अर्धवट उपटलेलं. म्हणून पेप उघडल्यावर सगळ्यात आधी वरच्या चौकटीतली 'स्टेटस'ची ओळ वाचा. मसुदा आहे, मंजूर आहे, पूर्ण झालाय, लांबणीवर आहे की फेटाळलाय? एवढी एक ओळ वाचली तरी निम्म्या अफवा मरतात. उदाहरण देते. काही नसलं तरी गडबड न करता पुढे जाणारं प्रश्नचिन्हाचं चिन्ह जावास्क्रिप्टमध्ये आहे, ते पायथनमध्ये येतंय असं दर वर्षी-दोन वर्षांनी कुणीतरी ओरडतं. तो पेप ५०५, २०१५ मध्ये लिहिलेला आणि लांबणीवर टाकलेला. आवृत्तीला वर्षाचा आकडा द्यावा, म्हणजे २०२६ मध्ये ३.२६, असाही एक प्रस्ताव आला होता, पेप २०२६. तो फेटाळला गेला, तरी त्यावरचे व्हिडिओ फिरतच आहेत. पायथन ४ ची तर अधिकृत योजनाच नाही. आणि तारीखही बघत जा हो. पेप ४०१ मध्ये पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम निवृत्त होत असल्याची घोषणा आहे. तारीख आहे १ एप्रिल २००९.

खरी निवृत्ती आली जुलै २०१८ मध्ये, आणि तीही एका पेपवरून. पेप ५७२, ज्यात वॉलरस म्हणून ओळखलं जाणारं चिन्ह आलं. एका छोट्या चिन्हावरून इतकी हमरीतुमरी झाली, की तो मंजूर केल्यावर लगेच गिडोंनी निर्णय घेण्याच्या जबाबदारीतून अंग काढून घेतलं. १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत ॲमस्टरडॅममध्ये त्यांनी भाषा लिहायला घेतली होती, तेव्हापासून शेवटचा शब्द त्यांचाच असायचा. आता पाच जणांचं स्टिअरिंग कौन्सिल असतं, ते निवडून येतं, आणि त्यात एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त जण बसू शकत नाहीत. पहिलं कौन्सिल २०१९ च्या सुरुवातीला निवडून आलं, त्यात स्वतः गिडोही होते. हे सांगायचं कारण एवढंच, की कुणी कितीही मोठा माणूस 'पायथनमध्ये आता अमुक होणार' म्हणाला, तरी कौन्सिलचा होकार पेपवर नोंदला जाईपर्यंत ते त्या माणसाचं मत असतं.

आता 'जीआयएल गेला' या मथळ्याकडे येऊ, कारण तो तुम्ही स्वतःच लिहिलाय. जीआयएल म्हणजे ते कुलूप, ज्यामुळे एका प्रक्रियेत एका वेळी एकच धागा (थ्रेड) पायथनचा कोड चालवू शकतो. ते काढण्याचा सॅम ग्रॉस यांचा पेप ७०३ २०२३ मध्ये मंजूर झाला. ३.१३ मध्ये कुलूप नसलेलं पायथन आलं, पण प्रयोग म्हणून, आणि वेगळं बांधलेलं. ३.१४ मध्ये 'प्रायोगिक' ही पाटी काढली, आता त्याला अधिकृत पाठिंबा आहे. पण नेहमीच्या पद्धतीने डाउनलोड करून जे पायथन तुम्ही चालवता, त्यात कुलूप जागच्या जागी आहे. शिवाय बिनकुलपाच्या पायथनमध्ये एका धाग्याचा साधा कोड थोडा हळू चालतो. ३.१३ मध्ये हा फटका पायथनच्याच चाचण्यांवर ४० टक्क्यांच्या आसपास होता, ३.१४ मध्ये ५ ते १० टक्क्यांवर आला. काम जबरदस्त झालंय, त्यात वाद नाही. पण तुमचे रिपोर्ट एकामागून एक फायली वाचतात. तुमच्या सोमवारवर याचा काडीचा परिणाम नाही. मथळा खोटा नव्हता, तुमच्यासाठी नव्हता.

यूव्हीचं वेगळं आहे. पिप आणि यूव्ही ही दोन्ही पॅकेजेस, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, बसवायची साधनं. यूव्ही फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं, रस्ट भाषेत लिहिलेलं आहे, आणि जिथे पिपला चहा पिऊन येईपर्यंत वेळ लागायचा तिथे पटकन उरकतं. रफ हे कोड तपासणारं साधनही त्याच लोकांचं. दोन्ही मी रोज वापरते आणि तुम्हीही एखाद्या रिकाम्या दुपारी करून बघा. पण पिप मेलेलं नाही, पायथनसोबत येतंच. ज्याला व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (थोडक्यात व्हेन्व्ह, एकेका प्रकल्पाच्या पॅकेजेसचा वेगळा कप्पा) म्हणजे काय ते नीट कळलंय त्याला साधन बदलायला एक दिवस लागतो. ज्याला ते कळलेलं नाही, त्याचा घोळ यूव्ही आणल्याने मिटत नाही, फक्त वेगाने होतो. आमच्याकडे नवीन मुलं उबंटूवर पिप चालवतात, पायथन सांगतं की हे एन्व्हायर्नमेंट बाहेरून सांभाळलं जातंय, इथे हात घालू नका. मग व्हिडिओत बघून 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' असं नाव असलेला पर्याय लावतात. नावातच लिहिलंय हो, सिस्टिम मोडेल म्हणून! हा निरोप पेप ६६८ मुळे येतो. प्रत्येक प्रकल्पाला वेगळं व्हेन्व्ह बनवा एवढंच तो सांगत असतो.

कॅलेंडरला अपवाद एकच, सुरक्षेच्या बातम्या. त्या तारीख बघून येत नाहीत, आणि त्यातही पायपीआयवरच्या, म्हणजे जिथून पिप पॅकेजेस उतरवतं त्या कोठारातल्या, पॅकेजेसच्या. मे २०२२ मधलं सीटीएक्स नावाच्या पॅकेजचं प्रकरण मी नव्या लोकांना नेहमी सांगते, कारण त्यात कुठलाही चमत्कार नाही. पॅकेजच्या मूळ लेखकाचा ईमेल ज्या डोमेनवर होता त्या डोमेनची मुदत संपली. कुणीतरी ते डोमेन विकत घेतलं, तोच ईमेल पुन्हा उभा केला, 'पासवर्ड विसरलो' दाबलं आणि पॅकेज ताब्यात. मग त्यात असा कोड घातला, की ज्याच्या मशीनवर ते चालेल त्याच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, म्हणजे तुमच्या चाव्या, बाहेर जाव्यात. पायपीआयने १ जानेवारी २०२४ पासून पॅकेज चढवणाऱ्यांना दोन टप्प्यांची ओळख सक्तीची केली ती अशाच प्रकारांमुळे. तरी जुलै २०२५ मध्ये पॅकेजच्या लेखकांना हुबेहूब पायपीआयसारखे ईमेल आले, पत्त्यात फक्त शेवटच्या 'आय'च्या जागी 'जे'. चष्म्याचा नंबर वाढलेल्या माझ्यासारखीला तो फरक दिसला नसता. तुम्ही पॅकेज लिहीत नाही, वापरता. तेव्हा तुम्ही एवढंच करा: आवृत्त्या बांधून ठेवा, पिप-ऑडिट नावाचं साधन अधूनमधून चालवा, आणि एआयने सुचवलेलं पॅकेज डोळे मिटून बसवू नका. तो कधीकधी अस्तित्वातच नसलेलं नाव ठोकून देतो, आणि तशी नावं कुणी मुद्दाम नोंदवून ठेवू शकतो.

मग आठवड्याचा तो अर्धा तास कुठे घालवायचा? माझं सांगते. पायकोडर्स वीकली हे पत्र दर आठवड्याला ईमेलने येतं. त्यातले मथळे वाचते, दोन उघडते, बाकीचं सोडते. तसंच दुसरं पायथन वीकली आहे. दोन्ही घेऊ नका, एकच घ्या, नाहीतर दोन्ही न उघडता साठतात. बसमध्ये पायथन बाइट्स हा पॉडकास्ट ऐकते. पायथनच्या आतल्या घडामोडींचं शांत डोक्याने लिहिलेलं वार्तांकन हवं असेल तर एलडब्ल्यूएनसारखं दुसरं मी बघितलेलं नाही. लिनक्सवाल्यांचं आहे, पण पायथनवरही लिहितात. काही लेख आधी वर्गणीदारांना मिळतात, थोड्या दिवसांनी सगळ्यांना खुले होतात. पायथनच्या जगातल्या पैशापाण्याची बातमी वर्षातून एक-दोनदा तरी वाचावी असं मला वाटतं. आपण फुकट वापरतो ते पायपीआय पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन चालवतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये या फाउंडेशनने अमेरिकी सरकारकडून मिळणारं १५ लाख डॉलरचं अनुदान सोडून दिलं, कारण त्यासोबतच्या अटी त्यांना मान्य नव्हत्या. तो पैसा पायथन आणि पायपीआयच्या सुरक्षेच्या कामासाठीच होता. 'पिप मेलं'पेक्षा ही बातमी मला जास्त अस्वस्थ करते.

ऑक्टोबरातली ती रविवार दुपार मात्र 'व्हॉट्स न्यू' या अधिकृत पानासाठी. तुमचं इंग्रजी बेताचं आहे म्हणालात, तर युक्ती सांगते. ते पान वरून वाचू नका, खालून वाचा. वर नव्या गोष्टींचं कौतुक असतं, ते समजलं नाही तरी चालतं. खाली तीन मथळे शोधा: काय काढून टाकलं, काय पुढे काढणार आहेत, आणि जुना कोड आणताना काय बदलावं लागेल. या तीन भागांतलं इंग्रजी अगदी साधं असतं, बहुतेक मॉड्यूल-फंक्शनची नावंच. एकेक नाव घ्या आणि तुमच्या कोडच्या फोल्डरमध्ये शोधा. सापडलं तर बातमी तुमची, नाही तर पुढे. ३.१३ मध्ये पेप ५९४ नुसार १९ जुनी मॉड्यूल्स एकदम काढली, त्यात सीजीआय, क्रिप्ट, टेलनेटलिब होती. तो पेप २०१९ चा. ऑक्टोबर २०२२ च्या ३.११ च्या पानावर ही यादी आली होती, म्हणजे ज्यांनी खालून वाचलं, त्यांना कळायला दोन वर्षं होती.

मराठीत शिकण्यासाठी मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाकडे बघा. मराठी आवाजातले दहा-दहा मिनिटांचे धडे मोफत आहेत, फक्त धडा कुठल्या आवृत्तीवर आहे ते आधी तपासा. त्याच आयआयटीचा फॉसी प्रकल्प शास्त्रीय कामासाठी पायथन शिकवतो. तिथले प्राध्यापक प्रभू रामचंद्रन म्हणजे मायावी हे त्रिमितीय चित्रं काढणारं सॉफ्टवेअर लिहिणारे. आणि माणसं भेटा. पायकॉन इंडिया २००९ मध्ये बंगळुरूत सुरू झालं, २०११ मध्ये ते पुण्यात भरलं होतं. मी त्या वेळी पहिल्यांदा गेले. भाषणं निम्मी डोक्यावरून गेली, पण जेवणाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या मुलाने व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट समजावून सांगितलं ते अजून कामाला येतंय. पुण्यात पायथन पुणे या गटाच्या भेटी होतात. नाशिकहून एखाद्या शनिवारी येण्यासारखं आहे.

आता तुमच्या खऱ्या बातमीकडे येते, जी तुम्ही प्रश्नात लिहिलीच नाही, कारण तिच्यावर रील निघालं नाही.

तुम्ही सीएसव्ही वाचता, आणि नाशिकच्या कंपनीत म्हणजे त्यात मराठी नावं असणार, बहुतेक विंडोजवर. विंडोजवर पायथनने फाईल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत, सांगितलं नाही, तर ते विंडोजचं जुनं कोडपेज, म्हणजे अक्षरांचा जुना तक्ता, धरतं. आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर ते १२५२. यूटीएफ-८ मधली मराठी फाईल त्या चष्म्यातून वाचली की काय होतं ते एकदा करून बघा. फाईलमध्ये फक्त 'नाशिक' लिहिलं असेल तर काहीच एरर येत नाही, नुसता टोप्या घातलेल्या इंग्रजी 'ए'चा आणि उलट्या प्रश्नचिन्हाचा कचरा दिसतो. 'पुणे' लिहिलं असेल तर मात्र प्रोग्रॅम जागीच आपटतो. कारण पहिल्या उकाराचा शेवटचा बाइट ८१ हा त्या कोडपेजमध्ये मोकळा ठेवलेला आहे, त्याला अक्षरच नाही. पाय मोडायच्या खुणेचंही तेच, तिचा बाइट ८डी. म्हणजे ज्या गावाच्या नावात पहिला उकार, जोडाक्षर किंवा 'झ', 'ए', 'ऐ'सारखं अक्षर, ते गाव एरर देणार, बाकीची गावं गुपचूप नासणार. आपटणारं बरं, निदान कळतं तरी. एकदा एका सहकाऱ्याचा रिपोर्ट फक्त काही तालुक्यांनाच अडायचा आणि तो दोन दिवस डेटाला शिव्या घालत होता.

हे बदलणार आहे. पेप ६८६ नुसार ३.१५ पासून पायथन सगळीकडे, विंडोजवरसुद्धा, आपणहून यूटीएफ-८ धरणार. ३.१५ वेळापत्रकानुसार ऑक्टोबर २०२६ ची आवृत्ती. आणि हा पेप लिहिला कधी? इनादा नाओकी यांनी, मार्च २०२२ मध्ये. देवनागरीत काम करणाऱ्या माणसासाठी गेल्या काही वर्षांतली ही सगळ्यात मोठी बातमी, आणि ती चार वर्षं उघड्यावर पडलेली आहे.

आपल्या लिपीच्या अशा आणखी दोन-तीन गोष्टी आहेत. इंट फंक्शनला अवतरणात देवनागरी '४११०३०' दिलं तर ते बिनतक्रार संख्या करून देतं. त्याच न्यायाने रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकुरात नमुना शोधायच्या सूत्रातला) आकड्याचा 'डी' देवनागरी आकडेही स्वीकारतो, म्हणजे मोबाईल नंबर तपासणारा तुमचा कोड '९८…'लाही होकार देईल. पण शब्दाचा 'डब्ल्यू' मात्र काना-मात्रा-वेलांटीला अक्षर मानत नाही. 'सांगली' शोधायला गेलात तर हातात 'स' आणि 'गल' असे दोन तुकडे येतात. ही तक्रार २०११ मध्येच नोंदवली गेली आहे. रेगेक्स नावाची बाहेरची लायब्ररी वापरली की सुटतं. नावांची यादी लावताना 'ळ'कडेही बघा. युनिकोडमध्ये तो 'ल' आणि 'व'च्या मध्ये बसवलाय, आपल्या वर्णमालेत 'ह'च्या नंतर. पायथनच्या साध्या क्रमवारीत 'कळवण' हे 'कवठे'च्या आधी येतं. मराठी क्रम हवा असेल तर आयसीयू नावाची लायब्ररी लागते.

३.१५ येईपर्यंत मात्र थांबू नका. कारण ती आली तरी तुमच्या कंपनीच्या मशीनवर कधी बसेल हे तुमच्या हातात नाही. आजच सगळ्या कोडमध्ये 'ओपन' शोधा आणि जिथे जिथे फाईल उघडताय तिथे एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा. फाईल एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून सेव्ह केलेली असेल, तर यूटीएफ-८-सिग लिहा, नाहीतर पहिल्या कॉलमच्या नावाला एक न दिसणारं चिन्ह चिकटून येतं आणि 'नाव' हा कॉलम समोर दिसत असून सापडत नाही. कुठे राहिलं ते पायथनच दाखवेल. कमांडमध्ये डॅश, मोठा एक्स आणि 'वॉर्न डिफॉल्ट एन्कोडिंग' हा पर्याय ३.१० पासून आहे. तुमचं पायथन त्याहून जुनं निघालं, तर आधी वरची रंगीत पट्ट्यांची प्रिंट काढा आणि ती घेऊन साहेबांकडे जा.